मानोऱ्याच्या शिवारात हातातला जीपीएस

हातातला जीपीएस म्हणजे मुठीत मावणारे, छोट्या पडद्याचे आणि मोजक्या बटणांचे यंत्र. उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगणे, ती जागा स्मरणात ठेवणे आणि पुढे कधीही माणसाला पुन्हा तिथे नेऊन सोडणे, ही त्याची कामे. त्याला सिमकार्ड लागत नाही, टॉवर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. डोक्यावर उघडे आकाश मात्र हवे. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात शेते, बरड माळ, तांडे आणि सागवानी जंगलाचे तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. रोपवनाची हद्द, नाल्यावरचा बंधारा, पाणवठा किंवा वनहक्काच्या दाव्यातली जमीन नकाशावर आणायची झाली, की अशा भागात हे यंत्र उपयोगी पडते.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा आणि अणुघड्याळाची वेळ सतत प्रसारित करतो. लहरीला यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते. या हिशेबात एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे 30 सेंटिमीटरचा फरक. यंत्रातले साधे घड्याळ इतके अचूक नसते. त्यामुळे जागेच्या तीन अज्ञात संख्यांबरोबर घड्याळाची चूकही शोधावी लागते आणि निदान चार उपग्रह दिसावे लागतात. यंत्र उपग्रहाला काहीच पाठवत नाही, फक्त ऐकते. एका शिवारात शंभर यंत्रे सुरू असली तरी एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही.

या मालिकेतला पहिला उपग्रह 1978 साली गेला आणि 1995 मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. तरीही नागरी वापरासाठीचा संदेश अमेरिका मुद्दाम बिघडवून देत असे, आणि शंभर मीटरपर्यंत चूक येई. शंभर मीटर म्हणजे मानोऱ्यात दोन धुरे ओलांडून तिसऱ्याच्या वावरात. 2 मे 2000 पासून हा बिघाड बंद झाला आणि त्यानंतरच हे यंत्र शेताच्या कामाचे झाले. आजची यंत्रे रशियाच्या ग्लोनास, युरोपच्या गॅलिलिओ आणि चीनच्या बेइदू उपग्रहांचेही ऐकतात. भारताच्या नाविकचे संदेश काहींनाच घेता येतात. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली गगन ही यंत्रणा जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती पुरवते. यंत्राला ती वाचता येत असेल तर मेनूतली सोय सुरू ठेवावी.

जुळवणीची सुरुवात सेलपासून होते. बरीचशी यंत्रे दोन पेन्सिल सेलवर चालतात. सेल साधे आहेत की चार्ज होणारे, हे मेनूत सांगितले नाही तर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. नवे किंवा महिनोन्महिने बंद असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू करताना मोकळ्या माळावर पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावे. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. एकेका उपग्रहाची नेमकी कक्षा मात्र अर्ध्या मिनिटात मिळते. पुढच्या वेळी यंत्र लवकर जागेवर येते ते या पहिल्या बैठकीमुळे. मग भारतीय वेळ आणि मीटर-हेक्टर ही मापे निवडावीत.

यानंतरच्या दोन गोष्टींकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि नकाशावरचे बहुतेक घोळ तिथेच जन्मतात. पहिली गोष्ट आकडे लिहिण्याची पद्धत. एकच अक्षांश 20.225° असा दशांशात, 20° 13.500' असा अंश-मिनिटांत किंवा 20° 13' 30" असा अंश-मिनिट-सेकंदांत लिहिता येतो. तिन्ही बरोबर आहेत. घोळ होतो तो उतरवताना. पडद्यावर 20° 13.30' आहे आणि वहीत 20° 13' 30" लिहिले गेले, तर बिंदू 12 सेकंदांनी, म्हणजे सुमारे 370 मीटर उत्तरेला सरकतो. गावाजवळची विहीर नकाशावर पार शिवेपलीकडे जाते. एका कामावरच्या सगळ्या माणसांनी एकच पद्धत लावावी आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

दुसरी गोष्ट डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा कोणता आकार आणि कोणता आधार धरला ते. या प्रदेशात हा प्रश्न जुना आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांच्या 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील स्थानांत अवंतीबरोबर, म्हणजे उज्जैनबरोबर, वत्सगुल्माचे नाव येते. वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिरावरून ही रेषा जाते, अशी तिथली श्रद्धा आहे. आजच्या मोजणीने वाशीम उज्जैनच्या रेखावृत्ताच्या सुमारे 140 किलोमीटर पूर्वेला येते. अक्षांश ताऱ्यांवरून सहज निघे, पण रेखांशाला नेमकी वेळ लागे आणि ती दोन गावांत एकाच क्षणी कळण्याची सोय त्या काळी नव्हती. तरीही आधाररेषा ठरवून देशाचे माप घेण्याचा विचार इथे रुजला होता, ही मोठी गोष्ट आहे.

पुढे 1802 साली मद्रासहून विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. ते काम उत्तरेकडे नेत असताना 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते पुढे नेले आणि 1830 चा 'एव्हरेस्ट' आकार भारताच्या नकाशांचा आधार झाला. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट त्यावरच आहेत. मानोरा 55 एच या भागात येते. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस 84 हा जागतिक आधार वापरतो. एकाचे आकडे दुसऱ्यावर तसेच टाकले, तर या भागात बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो. म्हणून यंत्र डब्ल्यूजीएस 84 वर ठेवावे आणि जुन्या शीटवर काम करताना रूपांतर करून घ्यावे.

क्षेत्रफळ आणि अंतरासाठी मीटरमधली यूटीएम पद्धत सोयीची असते. मानोरा तिच्या 43 व्या पट्ट्यात आहे. हा पट्टा 78° रेखांशाला संपतो, आणि यवतमाळ शहर त्या रेषेपलीकडे 44 व्या पट्ट्यात येते. दोन्ही जिल्ह्यांत फिरणाऱ्याने आकड्यांबरोबर पट्ट्याचा क्रमांक लिहिला नाही, तर बिंदू कुठला ते कळायला मार्ग राहत नाही.

बिंदू घेताना घाई नको. समजा, धुऱ्यावरच्या पळसाखाली हद्दीचा दगड आहे. यंत्र छातीशी, अँटेना आकाशाकडे करून धरले की उपग्रहांच्या पानावर पट्ट्या उभ्या राहतात. पानांच्या गर्दीखाली त्यातल्या दोन-तीन खाली-वर होत राहतात आणि अचूकतेचा आकडा 9 मीटरवर अडकतो. चार पावले मोकळ्यात सरकले की तो 4 वर येतो, पण तिथे दगड नाही. अशा वेळी दगडापाशीच थांबून 'सरासरी बिंदू' ही सोय वापरावी आणि जमल्यास तास-दीड तासाने पुन्हा तोच बिंदू घ्यावा. तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. पडद्यावरचा 4 मीटर हा यंत्राचा अंदाज असतो, प्रत्यक्ष चूक त्याहून जास्तही निघू शकते. बिंदूला यंत्राने दिलेले 001, 002 असे नाव तसेच ठेवू नये. 'विहीर पूर्व काठ' असे नाव सहा महिन्यांनीही समजते.

वावराचे क्षेत्र काढायचे तर मार्गनोंद सुरू करून धुऱ्याने पूर्ण फेरी मारतात, किंवा कोपऱ्याकोपऱ्यावर बिंदू घेतात. एका चौरस एकराची बाजू साधारण 64 मीटर असते. चार कोपऱ्यांवर प्रत्येक दिशेने 3 मीटरची सुटी चूक धरली, तर क्षेत्रात पावणेतीन आरच्या आसपास फरक पडू शकतो, म्हणजे जवळजवळ 7 टक्के. चार हेक्टरच्या चौरसात तोच फरक साडेआठ आर, जेमतेम 2 टक्के. लहान वावराला हे यंत्र कमी न्याय देते ते असे. एकाच फेरीत घेतलेल्या बिंदूंची चूक पुष्कळदा एकाच दिशेची असते. मग अख्खा आकार सरकतो, क्षेत्र मात्र फारसे बदलत नाही. म्हणून चारही कोपरे सलग, एकाच यंत्राने घ्यावेत.

हा आकडा कुणाच्या जगण्याशी बांधलेला असतो, हे वनहक्क कायद्यात दिसते. 2006 च्या या कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कमाल 4 हेक्टरपर्यंत हक्क मान्य होतो. महाराष्ट्रात अशा दाव्यांची मोजणी जीपीएसने झाली आहे. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहचित्रे आणि अशी साधने इतर पुराव्यांना जोड देऊ शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे आणि गावागावांलगत तांडे आहेत. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातींमध्ये नव्हे, विमुक्त जातींमध्ये मोडतो. त्यामुळे तांड्यावरच्या दावेदाराला इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आज कसलेली जमीन किती, हे यंत्र सांगते. तिथे 75 वर्षे कोण राबले, ते त्याला सांगता येत नाही. तिथे गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब आणि जुने कागदच बोलतात, आणि वनहक्क समितीने त्यांना यंत्रातल्या आकड्याइतकेच गांभीर्याने घेतले पाहिजे.

नोंदवलेल्या बिंदूकडे परत जाताना 'गो टू' दाबले की बाण आणि अंतर दिसते. हे अंतर पाखराच्या उड्डाणाचे असते. मध्ये नाला, काटेरी कुंपण किंवा उभी तूर आहे का, हे यंत्राला माहीत नसते. म्हणून पांदणीने जावे आणि बाण फक्त दिशेपुरता वापरावा. स्वतंत्र होकायंत्र नसलेल्या यंत्रात माणूस चालत असतानाच बाण खरी दिशा दाखवतो, थांबला की भरकटतो. उंचीचा आकडा आडव्या जागेपेक्षा जास्त चुकतो. बंधाऱ्याची पातळी त्यावरून काढू नये.

शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद असेल तर हातातला जीपीएस पुरा पडत नाही. दोन-तीन मीटरची पट्टी हाच वादाचा विषय असतो आणि तेवढी तर यंत्राचीच चूक असते. तिथे भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते. त्यांचे रोव्हर हे यंत्रही उपग्रहांवरच चालते, पण कायम जागी उभारलेल्या संदर्भ केंद्रांकडून क्षणोक्षणी दुरुस्ती घेऊन चूक काही सेंटिमीटरवर आणते. मोबाइलमध्येही जीपीएस असतो आणि मोकळ्या जागी तो बरा चालतो. तरी भर उन्हात पडदा वाचणे, ओल्या हाताने बटण दाबणे आणि दिवसभर सेल टिकणे यांत हातातले यंत्र पुढे आहे.

संध्याकाळी परतल्यावर बिंदू आणि मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये संगणकावर उतरवावेत. फाइलच्या नावात तारीख आणि गाव असावे. वहीतले आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून झाल्यावरच यंत्राची स्मृती रिकामी करावी. पावसाळ्यात काम बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. गळलेल्या सेलने आतल्या पट्ट्या गंजतात.