लॉकर रूम : शब्द व त्याचे अर्थ

'लॉकर रूम' हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत वारंवार आढळतो. परंतु केवळ शब्दार्थ जाणल्यानें त्याचा सर्व भाव कळत नाहीं. 'लॉक' म्हणजे कुलूप. ज्यास कुलूप लावितां येतें तो कप्पा लॉकर, आणि असे कप्पे ओळीनें मांडलेली, खेळाडूंनीं कपडे बदलावयाची खोली ती लॉकर रूम. हा शब्द विशेषेंकरून अमेरिकेंत रूढ आहे. क्रिकेटमध्यें अशा खोलीस ड्रेसिंग रूम म्हणतात.

पुढें खोलीचें नांव आंतल्या माणसांस मिळालें. 'प्रशिक्षकानें लॉकर रूम गमावली' म्हणजे त्याच्यावरील खेळाडूंचा विश्वास उडाला.

तिसरा अर्थ खेदजनक आहे. बंद दाराआड पुरुष स्त्रियांविषयीं जें हलकें बोलतात, त्यास 'लॉकर रूममधलें बोलणें' म्हणूं लागले. सन २०१६ च्या निवडणुकींत डोनाल्ड ट्रम्प यांनीं आपल्या २००५ सालच्या अशा उद्गारांस हेंच नांव दिलें. तेव्हां कित्येक व्यावसायिक खेळाडूंनीं आक्षेप घेतला कीं, आमच्या खोलींत असें बोलणें चालत नाहीं. त्यांना आपल्या खोलीची अब्रू राखावयाची होती.

विद्यार्थ्यांनो, सामना संपल्यावर तुम्हीही एकत्र बसून मोकळेपणानें बोलतां. जें आईबहिणीच्या कानीं पडल्यास आपली मान खालीं जाईल, तें तेथेंही बोलूं नये. दार माणसांपुरतें बंद होतें. परमेश्वर आंतच असतो. खोलीला जीभ नाहीं, दोष बोलणाऱ्याचाच.