पुली ठोकू नका, ओढून काढा



पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाच्या मोटरची पुली कधी ना कधी काढावीच लागते. बेअरिंग बदलायचे असते, नाहीतर पुलीचा गाळा झिजून पट्टा घसरत असतो. अशा वेळी आपण काय करतो? पुलीमागे पहार घालतो आणि हातोडा उचलतो. पुली निघतेही, पण बिडाची असल्याने तिचा काठ उडतो, आणि घाव शाफ्टमधून बेअरिंगवर जातो. गोळ्या ज्या कडीतून फिरतात तिच्यावर बारीक खड्डे पडतात. मोटर आधी घुमल्यासारखा आवाज करते, मग तापते, आणि शेवटी आतला भाग घासून वायंडिंग जळते. ऐन पाळीच्या वेळी ऊस वाळतो तो असा.

तेव्हा पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१) आधी मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत व ते खिशात ठेवावेत. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. ऑटो स्विच असेल तर वीज येताच मोटर आपोआप फिरते आणि बोटे जातात.

२) मोटरचे पायाचे बोल्ट सैल करून मोटर सरकवावी, पट्टा हाताने उतरवावा. पुली शाफ्टच्या टोकापासून किती आत आहे ते मोजून ठेवावे.

३) पुलीचा ग्रब स्क्रू पूर्ण काढावा. तो बहुधा गंजात व ग्रीसमध्ये दडलेला असतो. तो तसाच राहिला तर कितीही जोर केला तरी पुली हलायची नाही. काही जुन्या इंजिनांना डोक्याची निमुळती चावी असते. तिथे डोके आणि पुली यांच्यामध्ये पाचर घालून आधी चावी काढावी.

४) शाफ्टचे उघडे टोक पॉलिश पेपरने साफ करून सांध्यात रॉकेल व तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे.

५) तीन पायांचा पुलर लावावा. पाय पुलीच्या काठाला नव्हे, मधल्या जाड भागाला, म्हणजे तुंब्याला धरावेत. पुलरचा स्क्रू शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकवून पाव-पाव फेरा आवळावा. समोर उभे राहू नये. पुलर सुटला तर अंगावर येतो.

६) एवढ्यानेही हलली नाही तर रॉकेल व तेल पुसून फक्त तुंबा चटकन तापवावा. तो फुगतो, शाफ्ट थंड असतो, त्यामुळे पकड सुटते. जवळ डिझेल नसावे.

बसवतानाही हातोडा नको. शाफ्टला थोडे ग्रीस लावून पुली मापाच्या जागी सरकवावी आणि दोन्ही पुल्यांना दोरी लावून त्या एका रेषेत आहेत का ते पाहावे.

एक इशारा. जास्त पाणी मिळेल म्हणून मोटरला मोठी पुली बसवू नये. १४४० फेऱ्यांच्या मोटरला ४ इंची व पंपाला ६ इंची पुली असेल तर पंप ९६० फेरे घेतो. मोटरला ५ इंची लावली तर १२०० घेतो. फेरे सव्वापट वाढले, पण मोटरवरचा भार जवळजवळ दुप्पट होतो.

पुलर प्रत्येकाने घ्यायलाच पाहिजे असे नाही. एका विहिरीवरच्या भागीदारांनी मिळून एक घेतला तरी पुष्कळ वर्षे पुरतो.