एकल गायनातील उच्चार आणि भावाविष्कार

मराठीत ‘स्वर’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. संगीतात तो षड्ज-ऋषभादींचा वाचक आहे, तर व्याकरणात अ, आ, इ, ई इत्यादी वर्णांचा. गायनात हे दोन्ही एकत्र येतात; कारण गळ्यातून निघालेला संगीतस्वर मुख्यतः वर्णस्वराच्या आधारानेच टिकतो. गायकाच्या आवाजाची तयारी आणि त्याचा भावाविष्कार या दोन स्वतंत्र बाबी मानण्याची प्रथा असली, तरी गाण्यातील अर्थ नेमका कोठे हरवतो हे पाहिल्यास दोहोंचा संबंध उच्चाराशी आहे असे दिसून येते.

पहिले स्थान अन्त्य अकाराचे होय. ‘राम’, ‘देव’ अशा शब्दांतील शेवटचा ‘अ’ बोलताना लोपतो. गाताना मात्र तो पुन्हा उच्चारला जातो आणि पुष्कळदा लांबविलाही जातो. अशा वेळी जबडा जरा अधिक उघडला की ‘अ’चा ‘आ’ होतो आणि ‘राम’चे ‘रामा’ बनते. जेथे कथन होते तेथे संबोधन आले, म्हणजे व्याकरणाबरोबर भावही पालटला. केवळ आकाराने केलेला रियाज येथे पुरा पडत नाही. जबडा स्थिर ठेवून ‘अ’वर दीर्घ स्वर धरण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘ज’सारख्या व्यंजनाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. विश्व या अर्थाचा ‘जग’ तालव्य, तर जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ दन्ततालव्य आहे.

दुसरे स्थान तार सप्तकाचे होय. प्रत्येक वर्णस्वराची ओळख मुखविवराच्या अनुनादांवर अवलंबून असते. ‘इ’ व ‘उ’ यांचा सर्वांत खालचा अनुनाद सेकंदाला सुमारे ३०० ते ४०० कंपनांच्या आसपास असतो. ‘आ’चा ७०० च्याही वर असतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज सुमारे २३३ कंपनांचा आणि तार षड्ज सुमारे ४६६ कंपनांचा होतो. म्हणजे तार षड्जावर मूळ नादच ‘इ’च्या अनुनादाच्या वर जातो, आणि तो अनुनाद व्यक्त करणारा घटक नादात उरत नाही. जबडा उघडल्यास अनुनाद वर सरकतो व आवाज भरदार होतो; परंतु ‘इ’ एकाराकडे आणि ‘उ’ ओकाराकडे झुकतो. हा दोष आळसाचा नसून ध्वनीच्या स्वभावाचा आहे. म्हणून ओळ प्रथम मध्य सप्तकात स्पष्ट म्हणावी आणि पुनरावृत्तीत तिचा विस्तार वर न्यावा. शब्द एकदा कानी पडला की श्रोता पुढील अस्पष्टता स्मृतीने भरून काढतो.

तिसरे स्थान श्वासाचे. ‘येणार’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये श्वास घेतल्यास श्रोत्याला क्षणभर होकारच ऐकू येतो. श्वासाची जागा फुफ्फुसाच्या सोयीने न ठरविता वाक्याच्या अन्वयाने ठरवावी. त्यासाठी दम वाढविणे हे साधन आहे, साध्य नव्हे.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. त्यातील ५६ गीतांतून कथा उलगडत गेली. श्रोत्यांसमोर ना रंगमंच होता, ना गायकाचा चेहरा. कथेचा सारा भार उच्चारित शब्दावर होता. अशा प्रसंगी मुद्राभिनयाचा आधार उरत नाही.

यावरून सरावाचा क्रम सुचतो. गीत प्रथम गद्याप्रमाणे वाचावे, अन्वय लावून श्वासाच्या जागा ठरवाव्या, नंतर ते मध्य सप्तकात तालाविना गावे आणि शेवटी ताल व विस्तार जोडावा. अर्थ न समजलेल्या श्रोत्याने ओळ लिहून घ्यावी आणि ती मूळ ओळीशी ताडून पाहावी. लेखनात जेथे चूक पडते तेथेच गायकाचे काम शिल्लक असते.