जेम्स ग्लीक यांचे विज्ञानलेखन : वार्ता, कथन आणि ज्ञानव्यवहार

१

लोकविज्ञानपर ग्रंथांकडे साहित्याभ्यासक सहसा वळत नाहीत. हे ग्रंथ 'माहितीपर' या सोयीच्या सदरात टाकले जातात आणि त्यांची चर्चा भाषेचा सोपेपणा व माहितीचा अचूकपणा या दोन निकषांवर संपते. त्यांतील निवेदक कोण, घटनाक्रम कोणत्या तत्त्वाने रचला आहे, कोणती पात्रे पुढे येतात आणि कोणती वगळली जातात, हे कादंबरीच्या बाबतीत अपरिहार्य ठरणारे प्रश्न येथे विचारलेच जात नाहीत. वास्तविक शास्त्राविषयीची सर्वसामान्य वाचकाची कल्पना शोधनिबंधांपेक्षा अशा ग्रंथांतूनच घडते. म्हणून त्यांच्या कथनरूपाची चिकित्सा करणे म्हणजे ज्ञान समाजात कोणत्या वाटेने पोहोचते याची चिकित्सा करणे होय.

या दृष्टीने अमेरिकन विज्ञानपत्रकार व ग्रंथकार जेम्स ग्लीक यांची कारकीर्द अभ्यासनीय आहे. मराठीत विज्ञानलेखनाची जी परंपरा आहे, ती प्रामुख्याने शास्त्रज्ञांनी आणि विज्ञानाच्या अध्यापकांनी घडविली. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते. बाळ फोंडके संशोधनाकडून विज्ञानपत्रकारितेकडे आले. आधी शास्त्र आणि मग लेखणी, असा हा क्रम आहे. ग्लीक यांचा प्रवास याच्या उलट आहे. ते भाषा-साहित्याकडून वृत्तपत्राकडे आणि वृत्तपत्राकडून विज्ञानाकडे गेले. या उलट्या वाटेने लेखनाला काय दिले आणि त्यातून कोणत्या मर्यादा आल्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

ग्लीक यांचा जन्म १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून १९७६ मध्ये त्यांनी इंग्रजी व भाषाविज्ञान या विषयांत पदवी घेतली. विद्यार्थिदशेत ते 'हार्वर्ड क्रिमझन' या दैनिकाशी संबंधित होते. पदवीनंतर मिनिआपोलिस येथे 'मेट्रोपोलिस' नावाचे साप्ताहिक काढण्यात त्यांचा सहभाग होता. ते वर्षभरही चालले नाही. त्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी सुमारे दहा वर्षे संपादक व वार्ताहर म्हणून काम केले. त्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणी-मासिकासाठी त्यांनी डग्लस हॉफस्टॅटर, स्टीफन जे गूल्ड, बेन्वा मांडेलब्रो, मिचेल फायगेनबाउम आदींवर दीर्घ व्यक्तिलेख लिहिले.

हा व्यक्तिलेख म्हणजे ग्लीक यांच्या पुढील लेखनाचे बीज होय. बातमीत घटना मुख्य असते आणि व्यक्ती निमित्तमात्र. व्यक्तिलेखात व्यक्तीच्या सवयी, बोलणे, कामाची जागा यांतून विचार उलगडत जातो. 'केऑस' हे त्यांचे पहिले पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते अशा व्यक्तिलेखांना एका कथासूत्रात ओवूनच. ते 'नॅशनल बुक अवॉर्ड' आणि पुलित्झर या दोन्ही पारितोषिकांच्या अंतिम यादीत होते. पुढे 'जीनियस' (१९९२), 'फास्टर' (१९९९), 'आयझॅक न्यूटन' (२००३), 'द इन्फर्मेशन' (२०११) आणि 'टाइम ट्रॅव्हल' (२०१६) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ आले. 'द इन्फर्मेशन'ला २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे विज्ञानग्रंथ-पारितोषिक लाभले. दरम्यान १९९३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'द पाइपलाइन' ही इंटरनेट-सेवा एका सहकाऱ्यासह सुरू केली. माहितीच्या महापुरावर लिहिणाऱ्या या लेखकाने त्या पुराचा एक दरवाजा स्वतःच उघडला होता, ही बाब लक्षणीय आहे.

३

'केऑस'चा आरंभ एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. १९७४ मध्ये लॉस आलमॉस या संशोधन-नगरीत रात्रीच्या अंधारात सिगारेट ओढत हिंडणारा एक माणूस पोलिसांच्या नजरेत भरतो. तो मिचेल फायगेनबाउम असतो. वाचकाला सिद्धान्त मागाहून मिळतो. आधी कुतूहल मिळते. पहिल्या प्रकरणात एडवर्ड लॉरेन्झ यांचा प्रसिद्ध प्रसंग येतो. १९६१ च्या हिवाळ्यात हवामानाचे एक गणिती प्रारूप ते 'रॉयल मॅकबी' या संगणकावर चालवीत होते. आधीच्या गणिताचा काही भाग पुन्हा तपासण्यासाठी त्यांनी ०·५०६१२७ या संख्येऐवजी छापील कागदावरील ०·५०६ ही संख्या यंत्राला दिली. फरक एक हजारांशाहूनही लहान होता. परंतु तासाभराने पाहिले तेव्हा दोन्ही हवामाने एकमेकांपासून पूर्णतः दुरावली होती. आरंभस्थितीतील सूक्ष्म भेद कालांतराने प्रचंड होऊ शकतो, हे तत्त्व येथे एका छापील आकड्याच्या रूपाने वाचकासमोर उभे राहते.

यानंतर कथासूत्र स्थळे आणि विद्याशाखा बदलत जाते. प्राणिसंख्येच्या चढउतारांचा अभ्यास करणारे रॉबर्ट मे, १९७५ च्या निबंधाने 'केऑस' हा शब्द गणितात रूढ करणारे जेम्स यॉर्क व त्यांचे सहकारी ली, किनाऱ्याची लांबी मोजपट्टीवर अवलंबून असते हे दाखविणारे मांडेलब्रो, भिन्न समीकरणांत एकच ४·६६९२ हे गुणोत्तर आढळलेले फायगेनबाउम, सांता क्रूझचे तरुण संशोधक : ही सर्व माणसे आपापल्या शाखेत एकाकी आहेत, त्यांना परस्परांची फारशी खबर नाही. त्यांचे धागे शेवटी एकत्र येतात. ही रचना थॉमस कून यांच्या शास्त्रीय क्रांतीच्या संकल्पनेवर उभी आहे, आणि एक प्रकरण 'क्रांती' या नावानेच येते. जुनी चौकट, तिला न जुमानणारे उपेक्षित लोक, आणि अखेरीस त्यांचा विजय, हा आकृतिबंध मुळात महाकाव्याचा व परीकथेचाही आहे. शास्त्रेतिहासाला ग्लीक यांनी कथानक दिले, ते असे.

याचा परिणाम साहित्यावरही झाला. मायकेल क्रायटन यांच्या 'जुरासिक पार्क' (१९९०) या कादंबरीतील गणितज्ञ केऑसच्याच परिभाषेत संकटाचे भाकीत करतो. टॉम स्टॉपर्ड यांच्या 'आर्केडिया' (१९९३) या नाटकात पुनरावर्ती समीकरणे एकोणिसाव्या शतकारंभीच्या एका मुलीच्या वहीत येतात. शास्त्रीय संकल्पना ललित साहित्यात क्वचितच थेट शोधनिबंधातून येते; मध्ये लोकविज्ञानाचा ग्रंथ पुलासारखा असतो.

भाषांतराच्या अभ्यासकाला येथे आणखी एक प्रश्न भेडसावतो. 'केऑस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पोकळी किंवा आ वासलेले विवर असा आहे. गणितात मात्र तो नियमांनी पूर्णतः बांधलेल्या, तरीही दीर्घकालीन भाकीत अशक्य करणाऱ्या वर्तनासाठी वापरला जातो. मराठीतील 'गोंधळ', 'अव्यवस्था', 'कोलाहल', 'अराजक' यांपैकी एकाही शब्दात ही नियमबद्धता नाही. इंग्रजी शब्दही दिशाभूल करतोच. ग्लीक मात्र तो खोडून न काढता त्या दिशाभुलीतूनच वाचकाला अर्थाकडे नेतात.

४

ज्या कथनशक्तीने हा ग्रंथ उभा राहिला, तिच्याच पोटी त्याची मर्यादाही आहे. नायक आणि क्रांती यांची कथा सांगायची म्हटली की काही माणसे उजेडात येतात, तर काही अंधारात राहतात. एन. कॅथरिन हेल्स यांनी १९९० च्या 'केऑस बाउंड' या ग्रंथात ग्लीक यांच्या कथनातील दोन उणिवांकडे लक्ष वेधले. एक, हे जग जवळपास संपूर्णपणे पुरुषांचे आहे. दुसरी, अव्यवस्थेतून सुव्यवस्था कशी उद्भवते यावर काम करणाऱ्या इल्या प्रिगोजिन यांच्या परंपरेला येथे स्थान नाही. प्रिगोजिन यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि इझाबेल स्टेन्जर्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये इंग्रजीत उपलब्ध झाला होता. म्हणजेच एकाच विषयाचे दोन इतिहास संभवत होते. लोकमान्यता एकाला मिळाली.

पहिल्या उणिवेला पुढे ठोस पुरावा मिळाला. ग्लीक यांच्या आरंभप्रसंगात लॉरेन्झ यंत्रासमोर एकटेच दिसतात. परंतु त्या यंत्रासाठी आज्ञावली लिहिण्याचे व ते चालविण्याचे काम आधी मार्गारेट हॅमिल्टन आणि १९६१ पासून एलन फेटर यांच्याकडे होते. लॉरेन्झ यांनी स्वतः १९६३ च्या आपल्या पायाभूत निबंधात फेटर यांचे आभार मानले होते. शास्त्रीय निबंधाच्या ऋणनिर्देशात असलेली ही नावे लोकप्रिय इतिहासात शिरू शकली नाहीत. २०१९ मध्ये जोशुआ सोकोल या विज्ञानपत्रकाराच्या लेखामुळे ती व्यापक वाचकवर्गापुढे आली. हॅमिल्टन यांचे नाव तोवर अपोलो मोहिमेच्या आज्ञावलीसाठी ख्यातकीर्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीचा केऑसशी असलेला दुवा मात्र झाकलेलाच राहिला होता.

हा दोष केवळ एका लेखकाचा मानणे उचित होणार नाही. एकट्या प्रतिभावंताचा क्षण हा विज्ञानकथनाचा सर्वांत जुना संकेत आहे. न्यूटनचे सफरचंद त्याचेच उदाहरण. संकेत जितका प्रभावी, तितका तो वास्तवातील सामूहिक श्रम झाकतो. साहित्यसमीक्षेने विज्ञानलेखनाकडे का वळावे, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. ऋणनिर्देशात काय आहे आणि कथेत काय उतरले, यांतील अंतर वाचणे हे समीक्षकाचे काम आहे.

५

ग्लीक यांच्या नंतरच्या ग्रंथांत या संकेताशी त्यांचा संबंध बदलत गेलेला दिसतो. 'जीनियस' हे रिचर्ड फाइनमन यांचे चरित्र. फाइनमन यांच्या किश्शांचे पुस्तक १९८५ मध्येच लोकप्रिय झाले होते आणि त्यांची एक मिश्कील प्रतिमा रूढ झाली होती. ग्लीक त्या प्रतिमेचीच तपासणी करतात. किस्सा सांगणे हीदेखील फाइनमन यांची एक निर्मिती होती, हे ते दाखवितात. आणि त्या किश्शांच्या पलीकडचा, १९४५ मध्ये निवर्तलेल्या पत्नीला पुढच्या वर्षी पत्र लिहिणारा माणूस समोर आणतात. 'प्रतिभा' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ग्रंथाच्या शीर्षकातच आहे, आणि त्याचे सोपे उत्तर देण्याचे ते टाळतात.

'द इन्फर्मेशन'मध्ये तर कथानायक व्यक्ती नाहीच; ती एक संकल्पना आहे. आफ्रिकेतील बोलते ढोल, रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ चा इंग्रजी शब्दकोश, चार्ल्स बॅबेज यांचे यंत्र, तारायंत्र, क्लॉड शॅनन यांचा १९४८ चा सिद्धान्त आणि जनुकीय संकेत, असा हा विस्तार आहे. येथे एडा लव्हलेस यांना दिलेले भरघोस स्थान 'केऑस'मधील एकरंगी पात्रयोजनेच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते.

ढोलांचे प्रकरण साहित्याभ्यासकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे असे आहे. कांगो प्रदेशातील केले ही भाषा स्वरभेदी आहे. ढोल केवळ उच्च-नीच स्वर पोहोचवू शकतो, व्यंजने नव्हेत. त्यामुळे अनेक शब्द सारखेच ऐकू येतात. यावर उपाय म्हणून वादक 'चंद्र' एवढेच न म्हणता, पृथ्वीकडे खाली पाहणारा चंद्र अशा अर्थाचे पूर्ण पद वाजवितो. मिशनरी जॉन कॅरिंग्टन यांनी १९४९ च्या पुस्तकात ही पद्धत नोंदविली होती. बाहेरच्या श्रोत्याला अलंकार वाटणारे हे विशेषण प्रत्यक्षात संदेश सुरक्षित ठेवणारी जोड आहे. शॅनन यांच्या परिभाषेत हा अतिरिक्तांश होय. गोंगाट असलेल्या मार्गाने अर्थ सुखरूप पोहोचवायचा तर काही अधिक बोलावे लागते.

ही अंतर्दृष्टी आपल्या परंपरेला लावून पाहता येते. संस्कृत काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मानला गेला. परंतु त्याच संस्कृतीने वेदांचे मौखिक जतन करताना पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ अशा पद्धती सिद्ध केल्या, ज्यांपैकी काहींत शब्द ठरावीक क्रमाने मागे-पुढे पुन्हा पुन्हा येतात. काव्यातील दोष तो संहितारक्षणातील गुण. जात्यावरच्या ओव्यांतील ठरीव संबोधने आणि पुन्हा येणारी चरणे यांचाही विचार केवळ 'रचनेची सोय' म्हणून न करता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रवासात अर्थ टिकविणारी योजना म्हणून करणे शक्य आहे. ग्लीक यांनी अर्थातच ओवीचा विचार केलेला नाही; पण विज्ञानलेखन साहित्यविचाराला नवे प्रश्न पुरवू शकते, याचा हा एक दाखला.

६

'टाइम ट्रॅव्हल' या ग्रंथात वर्तुळ जवळजवळ पूर्ण होते. त्याचा प्रारंभबिंदू भौतिकशास्त्र नसून एच. जी. वेल्स यांची १८९५ ची कादंबरी आहे. कालप्रवास ही कल्पना आधी साहित्यात रुजली आणि भौतिकशास्त्राने नंतर तिच्याशी संवाद केला, असा त्याचा रोख आहे. लोकविज्ञान म्हणजे शास्त्रातून समाजाकडे वाहणारा एकमार्गी प्रवाह, या समजुतीला येथे छेद मिळतो.

मराठीत याचा एक समांतर पुरावा आहे. नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतच्या रणांगणावरील एका गोळीच्या नेमातील किंचित फरकाने इतिहासाचा सारा ओघ बदलतो. कथेतील स्पष्टीकरण रेने थॉम यांच्या आपत्ति-सिद्धान्ताचा आधार घेते, केऑसचा नव्हे. तरी वाचकाच्या मनावर उमटणारा ठसा लॉरेन्झ यांच्या आकड्यासारखाच आहे. शास्त्रज्ञ असलेल्या नारळीकरांनी सिद्धान्त समजावण्यासाठी पानिपतचा, म्हणजे मराठी मनाच्या सर्वांत दुखऱ्या स्मृतीचा आश्रय घेतला. साहित्याच्या पदवीधर ग्लीक यांनी शास्त्राचा इतिहास रहस्यकथेच्या अंगाने सांगितला. दोघे विरुद्ध टोकांकडून निघाले आणि कथनाच्या एकाच भूमीवर आले.

एक फरक मात्र उरतो. नारळीकरांच्या कथेतील निवड कल्पित म्हणून उघड आहे. ग्लीक यांच्या ग्रंथातील निवड वस्तुस्थिती म्हणून वाचली जाते. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला अधिक काटेकोर समीक्षेची गरज आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने लोकविज्ञानग्रंथ आपल्या कक्षेत घ्यावा, तो त्याच्या ललित गुणांचे कौतुक करण्यासाठी नव्हे. ज्ञानाच्या कथेत कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोणाचा ऋणनिर्देशातच थांबतो, हे तपासण्याची साधने या अभ्यासशाखेकडेच आहेत म्हणून.