जुन्या कॉम्प्युटरला बिनतारी कान

इंटरनेटची तार घरात शिरते ती बहुधा हॉलच्या खिडकीतून. राऊटरही मग तिथेच, टीव्हीच्या शेजारी बसतो. कॉम्प्युटर मात्र असतो मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत. मोबाइल आणि लॅपटॉप घरात कुठेही बिनतारी चालतात, पण टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर अडून बसतो. मग चटईखालून, दाराच्या फटीतून तार ओढली जाते. तिच्यात आजोबांचा पाय अडकतो, दार नीट लागत नाही आणि केर काढताना ती हमखास निसटते. शेवटी कुणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘हा आता जुना झाला, नवा घेऊन टाका.’ झाले! महिन्याच्या हिशेबात हजारो रुपयांचा नवा खर्च येऊन उभा राहतो.

वास्तविक अशा वेळी कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. त्यात फक्त एक छोटा भाग नसतो, तो म्हणजे वायरलेस कार्ड. तळहातावर मावणारे हे कार्ड नव्या कॉम्प्युटरच्या किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळते आणि बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्यासाठी इंजिनीअर असावे लागत नाही. एक स्क्रू ड्रायव्हर, थोडा धीर आणि या लहरी कशा चालतात याची जुजबी समज, एवढे पुरे.

कोलकात्याची चांदनी

मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसा कोलकात्याच्या लोकांना चांदनी चौक. दिल्लीच्या चांदनी चौकाशी याची गल्लत नको. कोलकात्यात याच नावाचे मेट्रो स्टेशन आहे. तिथून वर आले की चित्तरंजन अॅव्हेन्यू आणि गणेशचंद्र अॅव्हेन्यूच्या आसपास विजेच्या आणि कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार लागतो. नव्याकोऱ्या सामानाची दुकाने आहेत, तशीच जुनी यंत्रे दुरुस्त करून देणारे कारागीरही आहेत. जुने फेकण्याआधी ते चालते करून पाहावे, हा मध्यमवर्गीय मराठी स्वभाव इथे अगदी ओळखीचा वाटतो.

कॉम्प्युटर आणि कोलकाता यांचे नातेही जुने आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये देशातला पहिला डिजिटल संगणक आला, तो याच शहरात. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले होते. पण बिनतारी विद्येची या शहराची ओळख त्याहूनही शंभर वर्षे जुनी आहे. कार्ड कसे बसवावे हे समजून घेण्याआधी ती गोष्ट जाणून घेतली, तर पुढची निम्मी अडचण सुटते.

भिंतीपलीकडची घंटा

प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ मध्ये अदृश्य विद्युतलहरींवर प्रयोग सुरू केले. परदेशी उपकरणे हाताशी नव्हती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला शिकवून त्यांनी आपली उपकरणे स्वतःच तयार करवून घेतली. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. मधल्या भिंती ओलांडून त्या लहरी पलीकडे गेल्या, तिथली घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. मध्ये तार कुठेच नव्हती.

बोस यांनी या लहरी अगदी बारीक, पाच मिलिमीटर लांबीपर्यंतच्या तयार केल्या. या लहरी प्रकाशाचीच भावंडे आहेत हे त्यांना दाखवायचे होते. प्रकाशासारख्या त्या आरशावरून परावर्तित होतात, भिंगातून वळतात आणि ठरावीक दिशेतच कंप पावतात. शेवटची गोष्ट सिद्ध करायला त्यांनी जे साहित्य वापरले ते पाहून गंमत वाटते. पानापानात वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक आणि बंगालच्या मातीतला पिळलेला ताग! या प्रयोगांची आठवण म्हणून इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक इंजिनीअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये त्यांना ऐतिहासिक टप्पा म्हणून मान दिला. बिनतारी जोडणीचे ८०२.११ या आकड्याने ओळखले जाणारे नियम १९९७ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केले. आज घराघरातली वाय-फाय उपकरणे त्याच नियमांवर चालतात.

आपल्या राऊटरच्या लहरी बोस यांच्या लहरींपेक्षा लांब असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटरची आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटीमीटरची. पण स्वभाव तोच. विटांच्या भिंतीतून त्या थकत थकत पार होतात, धातूवर आपटून परत फिरतात आणि पाण्यात जिरतात. एवढे लक्षात ठेवावे, पुढे ते उपयोगी पडणार आहे.

कार्ड निवडताना

बाजारात जाण्याआधी घरचा कॉम्प्युटर नीट पाहून घ्यावा. दुकानदाराला विचारायला पुढचे मुद्दे कागदावर लिहून न्यावेत.

पहिला मुद्दा खाचेचा. मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस नावाची खाच मोकळी हवी. सर्वांत आखूड खाच जेमतेम अडीच सेंटीमीटरची असते आणि वायरलेस कार्डाला तेवढी पुरते. आखूड खाच भरलेली असेल, तर त्याच जातीच्या लांब खाचेतही हे कार्ड चालते. फार जुन्या यंत्रात फक्त साध्या पीसीआयच्या खाचा असतात, त्यांत नवे कार्ड बसत नाही. अशा वेळी यूएसबीत खोचायचे छोटे यंत्र घ्यावे. त्यासाठी पेटी उघडावीही लागत नाही. मात्र नखाएवढ्या यंत्रापेक्षा बाहेर अँटेना असलेले यंत्र दूरच्या खोलीत चांगले काम देते.

दुसरा मुद्दा पेटीच्या उंचीचा. ऑफिसातून जुने म्हणून घेतलेले कॉम्प्युटर पुष्कळदा अरुंद पेटीचे असतात. त्यांना कार्डाची आखूड पट्टी लागते. ती खोक्यात आहे ना, हे दुकानातच पाहावे.

तिसरा मुद्दा वेगाचा. खोक्यावरचे मोठमोठे आकडे पाहून भुलू नये. घरात येणारी इंटरनेटची जोडणीच १०० एमबीपीएसची असेल, तर महागड्या कार्डाने इंटरनेट त्याहून वेगाने येणार नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे पकडणारे, वाय-फाय ५ किंवा ६ प्रतीचे कार्ड बहुतेक घरांना पुरते. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडणारी त्यापुढची कार्डे घ्यायची, तर त्या पट्ट्यासाठी विंडोज ११ लागते, शिवाय राऊटरही तसाच हवा.

चौथा मुद्दा नुसत्या चिपचा. मदरबोर्डवर थेट बसणारी छोटी चिपही मिळते आणि ती स्वस्त दिसते. पण त्यांपैकी काही फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात. माहिती नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पेटी उघडण्यापूर्वी

कॉम्प्युटर वॉरंटीत असेल, तर पेटी उघडल्याने वॉरंटी जाते का, हे आधी विचारावे. महत्त्वाच्या फाइली आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावेत.

मग कॉम्प्युटर रीतसर बंद करावा आणि भिंतीतून प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. यूपीएस असेल तर त्यातूनही वायर काढावी. त्यानंतर चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आपल्या अंगावरही स्थिर वीज साठते. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही वीज. आपल्याला ती जाणवतही नाही, पण नाजूक चिप तेवढ्याने जळू शकते. म्हणून आत हात घालण्याआधी पेटीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. आणि एक पथ्य कधीही मोडू नये. ज्या डब्यात विजेची वायर जाते तो पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज राहू शकते.

बसवण्याची रीत

पेटी टेबलावर आडवी ठेवून बाजूचे झाकण काढावे. आत धूळ असेल तर मऊ ब्रशने हलकेच झटकावी. खाचेसमोरची मागची धातूची पट्टी काढावी. कार्ड कडेने धरावे, त्याच्या सोनेरी दातांना बोट लावू नये. खाचेवर सरळ धरून दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्यावा. ते नीट बसल्याचे हाताला कळते. वाकडे बसत असेल तर जोर न लावता काढून पुन्हा बसवावे. मग स्क्रू आवळावा.

अनेक कार्डांत ब्लूटूथही असते. त्यासाठी खोक्यात एक छोटी वायर दिलेली असते, ती मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडायची असते. ही वायर राहून गेली, तर वाय-फाय चालते पण ब्लूटूथ दिसत नाही आणि कार्ड खराब निघाले असे उगाच वाटते. शेवटी झाकण लावून मागच्या बाजूला अँटेना फिरवून बसवाव्यात आणि मगच प्लग लावावा.

कॉम्प्युटर चालू झाला की विंडोज पुष्कळदा कार्ड आपोआप ओळखते. ओळखले नाही, तर त्याला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम द्यावा लागतो. इथे मोठी गंमत होते. ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेटसाठी आधी ड्रायव्हर हवा असतो! यावर सोपा उपाय आहे. मोबाइल त्याच्या केबलने कॉम्प्युटरला जोडून सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट कॉम्प्युटरला मिळते. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हने आणावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली कार्डाचे नाव पिवळ्या खुणेशिवाय दिसले, की काम झाले. नावच दिसत नसेल, तर कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवून पाहावे.

अँटेना कुठे ठेवाल?

सगळे नीट बसवूनही वेग मिळत नाही, अशी तक्रार अनेक घरांत असते. दोष बहुधा कार्डाचा नसतो, जागेचा असतो. कॉम्प्युटर टेबलाखाली, अँटेना त्याच्या पाठीमागे आणि पाठ भिंतीकडे. राऊटर आणि अँटेना यांच्या मधोमध खुद्द कॉम्प्युटरची धातूची पेटीच उभी राहते! या लहरी प्रकाशाच्या भावंडे आहेत हे आठवावे. राऊटरच्या जागी दिवा लावला, तर अँटेना कुणाच्या सावलीत येईल? पेटीच्या, लोखंडी कपाटाच्या की फ्रिजच्या? त्या सावलीतून अँटेना बाहेर काढावी. वायर असलेली, लोहचुंबकाच्या बुडाची अँटेना मिळते, ती टेबलावर उंच ठेवता येते. दुसरी युक्ती तागाच्या प्रयोगातलीच. लहरींना दिशा असते, म्हणून राऊटरच्या अँटेना उभ्या असतील तर आपल्याही आधी उभ्या ठेवून पाहाव्यात. मासळीची काचेची टाकी मध्ये येत असेल तर तीही हलवावी, कारण पाणी लहरी शोषून घेते.

कोलकात्यातली जुनी घरे जाड भिंतींची असतात, आपल्याकडच्या वाड्यांसारखीच. अशा घरात दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दमतो, तिथे २.४ चा वापरावा. उलट दाट वस्तीच्या फ्लॅटमध्ये २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते, तिथे ५ चा पट्टा बरा.

दारालाही कुलूप हवे

तार घराबाहेर जात नाही, लहरी मात्र जातात. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा ३ असा ठेवावा. पासवर्ड लांब असावा आणि त्यात घरातल्या कुणाचे नाव किंवा मोबाइल नंबर नसावा. राऊटरबरोबर आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज १० साठी कंपनीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नसेल, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली टाकता येते. पण त्याआधी निवडलेले कार्ड तिच्यावर चालते का, हे विचारून घ्यावे.

आणि कॉम्प्युटर राऊटरच्या शेजारीच असेल तर? मग कार्डाची गरजच नाही. हातभर तारेइतकी भरवशाची जोडणी दुसरी नाही. खोल्या दूर असतील तेव्हाच कार्डाचा विचार करावा.

एका रविवारच्या सकाळी मुलांना शेजारी बसवून हे काम करावे. स्क्रू कुणी काढायचा, अँटेना कुणी लावायची, हे त्यांना ठरवू द्यावे. पैसे वाचतील ते वेगळेच. पण बंद पेटीच्या आत काय असते आणि ते आपल्या हातांनी जोडता येते, हे मुलांना कळेल. पुढच्या वेळी कुणी ‘नवा घेऊन टाका’ म्हणाले, तर ‘आधी उघडून तर पाहू’ असे तीच म्हणतील.