अल्पवयीन मुलगी गरोदर आहे, दवाखान्यात न्यायचं का? पोलिसांच्या भीतीपलीकडचं उत्तर

निफाड तालुक्यातल्या विंचूरसारख्या गावात १६-१७ वर्षांची मुलगी गरोदर असल्याचं कळतं, तेव्हा घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील का?' हा. या एका प्रश्नापायी तपासणीचे पहिले महिने हातचे जातात.

असं किती मुलींच्या बाबतीत घडतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात २०-२४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांआधी झालं होतं. १५-१९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

कायदा काय सांगतो?

१८ वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. लग्न झालं असलं तरी सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं. कलम १९ नुसार अशा घटनेची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. डॉक्टरांनी ती दिली नाही तर त्यांच्यावरच कारवाई होऊ शकते. म्हणजे पोलिसांना कळवलं जाणार, हे खरं आहे.

पण कळवणं वेगळं आणि उपचार नाकारणं वेगळं. पॉक्सो नियम २०२० नुसार तातडीचे उपचार देण्याआधी रुग्णालयाला पोलिसांचं पत्र किंवा इतर कागदपत्रं मागता येत नाहीत. 'आधी तक्रार, मग उपचार' असं सांगणं नियमाला धरून नाही.

गर्भपात करायचा असेल तर?

२०२१ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलींसाठी ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे. २० आठवड्यांपर्यंत एका, तर त्यानंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. पालकांची लेखी संमती आवश्यक असते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. उशीर झाला की हा पर्यायही हातातून निसटतो.

या वयात धोका जास्त का?

मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं. अंगात आधीच रक्त कमी असेल तर गरोदरपणात ते आणखी घटतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १०-१९ वयाच्या मातांमध्ये झटके येण्याचा आणि प्रसूतीनंतर जंतुसंसर्गाचा धोका २०-२४ वयाच्या मातांपेक्षा जास्त असतो. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यताही वाढते.

तपासणीत काय होतं?

पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी आणि पुढे किमान चार तपासण्या. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी होते. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड, नंतर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणि धनुर्वाताची लस दिली जाते. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियनही मोफत आहे.

द्राक्षबागांच्या कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं. पुढच्या गावातल्या आशाताईंना किंवा नर्सताईंना त्यावरून आधीच्या तपासण्या कळतात.

समुपदेशनात काय हवं?

मुलीशी काही वेळ एकटीशी बोललं गेलं पाहिजे. सासू किंवा आई शेजारी असताना मारहाण, जबरदस्ती किंवा मनातली भीती ती सांगेलच असं नाही. आहार, प्रसूतीची तयारी, पुढचं मूल लांबवण्याचे उपाय आणि सुटलेली शाळा हे सगळं या बोलण्यात यायला हवं.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

रक्तस्राव, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मुलीच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत.

प्रसूतीसाठी कधी ना कधी दवाखान्यात जावंच लागतं आणि तेव्हा वय लपत नाही. तपासणी टाळून पोलिसांपर्यंत जाणारी माहिती फार तर काही महिने लांबते. त्या महिन्यांची किंमत मात्र मुलगी आणि बाळ मोजतात.