डिस्पोजलच्या गाड्या

पूर्णेहून नांदेडकडे जाताना रेल्वेमार्गावर चुडावा लागतं. रुळांच्या दोन्ही अंगांना काळी, चिकट, कसदार जमीन. दमदार पाऊस झाला की या रानात साध्या ट्रकची गत वाईट होते. मागची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि प्रत्येक फेऱ्याला गाडी आणखी खाली बसते. लष्करातून बाद झालेल्या फोर बाय फोर गाड्यांचं मोल अशा चिखलात कळतं, कारण त्यांत पुढची चाकंही गाडी ओढतात. या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, टिकल्या कशा आणि हळूहळू दिसेनाशा का होताहेत, हे मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. एकट्या कॅनडानं त्या काळात सुमारे 8 लाख लष्करी गाड्या बनवल्या. अमेरिकेनं 6 लाखांहून अधिक जीपा आणि 5 लाखांहून अधिक अडीच टनी जीएमसी ट्रक काढले. ब्रह्मदेशाच्या आघाडीचा तळ हिंदुस्थान होता, त्यामुळे 1945 साली लढाई थांबली तेव्हा यातल्या असंख्य गाड्या इथंच उभ्या राहिल्या. सरकारनं त्यांच्या विल्हेवाटीसाठी वेगळं खातं काढलं आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द गॅरेजवाल्यांच्या तोंडी कायमचा बसला. लिलावात घेतलेल्या चासीवर लाकडी हौदा चढवायचा की मालवाहतूक सुरू. अमेरिकी गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, जीपची वायरिंग 6 व्होल्टची. ती 12 व्होल्टवर आणणं ही मेस्त्रींची पहिली शिकवणीच म्हणायची. खुद्द स्वतंत्र भारताच्या सरकारनंही 1948 साली सैन्यासाठी परदेशातून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा मागवल्या होत्या. मोजक्या 155 आल्या, त्याही निकामी निघाल्या, आणि ते प्रकरण जीप घोटाळा म्हणून गाजलं.

त्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा दहा मेकच्या गाड्या होत्या. त्यांतली निम्मी नावं सैन्यातून परतलेल्या ड्रायव्हरांच्या ओळखीची होती. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं रेल्वे खात्यानं 1932 पासून 27 बसगाड्यांवर सुरू केलेली वेगळी सेवा होती, पण खेड्यातला माणूस खऱ्या अर्थानं बैलगाडीवर आणि रेल्वेवरच अवलंबून होता.

पुढं देशी गाड्या आल्या. महिंद्रानं 1947 मध्ये सुट्या भागांत आलेल्या 75 जीपा मागवल्या आणि 1949 पासून माझगावला जुळणी सुरू केली. 1959 मध्ये जबलपूरला जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुढं आलेलं रुंद बोनेट, जमिनीपासून भरपूर उंची. 1996 पर्यंत हा ट्रक बनत राहिला. जबलपूरलाच निसान वन-टन आणि तिची बहीण जोंगा बनली. जोंगा 1969 ते 1999 अशी तीस वर्षं चालली. सैन्यात वय झालं की या गाड्या खडकी, देहू रोड, अहमदनगरसारख्या ठाण्यांवरून लिलावात निघत. हल्ली हे काम बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून होतं.

लिलावात गाडी स्वस्त पडते, पोसायला महाग पडते. निसान आणि जोंगाचं सुमारे चार लिटरचं पेट्रोल इंजिन ताकदीला तोड नाही असं, पण तहानही तशीच. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल इतकं भडकलं की शेतकऱ्याला ते परवडेना. इथून मेस्त्रीचं राज्य सुरू झालं. जीपमधलं हरिकेन पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवायचं. महिंद्रानं स्वतःच 1979 मध्ये प्यूजोशी डिझेल इंजिनाचा करार केला, त्यापुढं तर हे काम गावोगावी होऊ लागलं. निसानमध्ये कुणी मॅटाडोरचं इंजिन बसवी, कुणी टाटाचं.

हे काम ऐकायला सोपं आहे, करायला नाही. नव्या इंजिनाचं फ्लायव्हील आणि जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट यांचा मध्य केसभरही हलता कामा नये. त्यासाठी दोघांच्या मध्ये लोखंडाची जाड प्लेट येते, एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. नांदेडच्या एका लेथवर ही प्लेट कातताना मी पाहिली आहे. मेस्त्रीनं आधी पुठ्ठ्यावर काजळी उमटवून भोकांचा छाप घेतला, मग डायल लावून प्लेट फिरवली, काटा थरथरला की थांबून पुन्हा बांधली. मध्य चुकला तर शाफ्टच्या टोकाचं बुश महिन्याभरात खाल्लं जातं, क्लच थरथरतो आणि शेवटी गिअरबॉक्स ओरडू लागतो. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे गाडीचा वेग पडतो. तो परत मिळवायला चाकांच्या आसाच्या हाऊजिंगमधली क्राउन-पिनियन ही दातेरी जोडी बदलावी लागते. पुढच्या आणि मागच्या हाऊजिंगचं प्रमाण सारखं राहिलं नाही, तर फोर बाय फोर टाकताच पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केसच फुटायची. म्हणजे बदलायचं तर दोन्हीकडचं बदला.

काही मालकांनी खर्च टाळायला पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच काढून ठेवला. डांबरी रस्त्यावर त्यांचं चुकलं नाही, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण टायर आणि गिअरांवर येतो. शाफ्ट मात्र एकदा अडगळीत गेला की बहुधा परत आला नाही, आणि त्या गाडीचा जीवच गेला असं मी मानतो. सैन्याच्या आडव्या खाचांच्या टायरांचंही तसंच. वाळूत आणि मुरमावर उत्तम, पण आमची काळी माती त्या खाचांत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होतं. म्हणून इथल्या लोकांनी ट्रॅक्टरसारख्या तिरक्या नक्षीचे टायर चढवले. शक्तिमानचा हौदा काढून त्याची क्रेन झाली, कुठं पाण्याचा टँकर.

कायद्यानं या कामाची वाट अरुंद केली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांविषयीचं कलम 52 हे 2000 सालच्या दुरुस्तीनंतर कडक झालं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे. अंदाजानं वेल्डिंग केलेल्या चासीखाली माणसं मरतात. पण 2021 च्या विंटेज नियमांनी खरी मेख मारली. 50 वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच असलेली दुचाकी किंवा प्रवासी मोटार तेवढी वारसा ठरते. ट्रक त्या व्याख्येत बसतच नाही, आणि इंजिन बदललेली जीप बाद होते. अहमदनगरच्या कॅव्हलरी टँक संग्रहालयात 1994 पासून रणगाडे छान सांभाळलेत, ते पाहून ऊर भरून येतो. तिथं सैन्याची सेवा दिसते. त्याच सैन्याच्या गाडीनं पुढची तीस वर्षं कापूस, ऊस आणि पाणी वाहिलं, त्या सेवेला अजून कुठं जागा नाही.

माझ्या मते परिवहन खात्यानं बदललेल्या जुन्या लष्करी गाड्यांसाठी वेगळा वर्ग करावा, ब्रेक आणि चासीची कडक तपासणी घ्यावी, आणि पास झालेल्या गाडीच्या पुस्तकात तिचा प्रत्येक बदल नोंदवावा. तोवर दुसरं काम आपल्या हातात आहे. ही कामं केलेले मेस्त्री आता म्हातारे झालेत. त्यांच्याकडच्या प्लेटांची मापं, कुठल्या इंजिनाला कुठला गिअरबॉक्स जमतो, कुठला क्राउन-पिनियन दोन्ही हाऊजिंगना बसतो, हे जबलपूरच्या कुठल्याही मॅन्युअलात नाही. नांदेड, परभणी, जालन्याच्या गॅरेजांत जाऊन ते वहीत उतरवून घ्यायला हवं, प्लेटा भंगारात तोलल्या जाण्याआधी.